दुखरी टाच, देणगीचा शब्द आणि जानेवारीची हाफ मॅरेथॉन

एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायला मॅरेथॉन धावायचं कबूल केलं आणि मध्येच पाय दुखावला, तर पहिला फोन फिजिओथेरपिस्टला करा आणि दुसरा देणगीदारांना. दुसरा फोन सहसा कुणी करत नाही. मग ‘लोकांनी पैसे दिलेत, आता थांबायचं कसं’ म्हणत माणूस दुखऱ्या पायावर पळत राहतो, आणि तीन-चार महिन्यांत आटोक्यात येणारं दुखणं वर्षभर मुक्कामाला राहतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते. वय चव्वेचाळीस. मुंबईच्या मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे एकवीस किलोमीटरची, धावायची ठरवली होती. ती ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामात वर्ग चालवणाऱ्या आमच्याकडच्या एका लहान संस्थेसाठी. पावसाळा सरता सरता डाव्या टाचेच्या वरची शीर धरली. पुढचं सगळं त्या एका दुखण्याबद्दल आहे, त्याला डॉक्टर अकिलीसचं दुखणं म्हणतात. गुडघा, कंबर किंवा नडगीचं हाड दुखत असेल तर हे नियम लावू नका.

आधी नेमकं काय दुखतंय ते बघा

अकिलीस ही पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड शीर, रक्ताची नव्हे, दोरीसारखी कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून खालून वर दाबत जा. हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल तर दुखणं शिरेच्या मधल्या भागाचं. अगदी हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर प्रकार वेगळा, आणि व्यायामही थोडा वेगळा. एवढा फरक कळला तरी अर्धी चूक टळते, कारण भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा जो सल्ला आपल्याला मैदानावर कुणीही देतो, तो दुसऱ्या प्रकारात दुखणं वाढवतो.

काही गोष्टींत मात्र घरी बसून चिमटीची परीक्षा घेत बसू नका. धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्‌कन आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून गरम आणि लाल झाली तर ती रक्ताची गुठळीही असू शकते, तेव्हाही थांबू नका. दवाखान्यांचं गाव मिरज जवळ असल्यामुळे डॉक्टर मिळत नाही ही सबब आपल्याकडे चालत नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा. पहिली, गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतली होती का. लघवीच्या इन्फेक्शनला, जुलाबाला या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, आणि त्यांनी शिरा दुखावण्याचा, अगदी तुटण्याचाही धोका वाढतो. चालू गोळी मनाने बंद करायची नाही, फक्त विचारायचं. दुसरी, शुगर आहे का. मधुमेहात शिरा सावकाश भरून येतात. आणि कुणी थेट अकिलीसमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तात्पुरतं बरं वाटतं, पण शीर कमजोर पडून तुटण्याची भीती असते.

राहता राहिली हळद. हळदीच्या पेढीवर काम करणाऱ्या बाईला यार्डातला प्रत्येक माणूस हळद लावायला सांगतो. सासूबाईंनी तर आंबेहळदीचा लेप वाटूनच ठेवला होता. मी तो लावला, सासूबाई खूश झाल्या, चादर पिवळी झाली. शीर भरून आली ती व्यायामाने.

देणगीदारांना काय कळवायचं

मी पाठवलेला मजकूर जवळजवळ असा होता: ‘जानेवारीत एकवीस किलोमीटर पूर्ण करायचा प्रयत्न करणार आहे. सध्या पायाला दुखापत आहे. मी धावले, चालले किंवा घरी बसले, तरी तुमचे पैसे मुलांच्या वर्गालाच जाणार. हे मान्य असेल तरच द्या.’ पेढीवरच्या शेठनी लगेच विचारलं, ‘वहिनी, नाही पळालात तर परत मिळणार का?’ मी नाही म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे रक्कम वाढवली. हमालांपैकी एका मामांनी तर निकालच लावला, ‘ताई, पाय बघा. पळणं कुठं पळून जातंय?’

‘एका किलोमीटरला इतके रुपये’ अशी बोली लावू नका. ऐकायला छान वाटते, पण सतराव्या किलोमीटरला टाच ओरडत असताना पुढच्या प्रत्येक किलोमीटरवर पैसे दिसायला लागतात. त्याच कारणाने दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज अमुक किलोमीटर झाले’ असं टाकणंही मी बंद केलं. त्याऐवजी वर्गाबद्दल कळवायची: किती मुलं आली, पाट्या-वह्या कधी पोचल्या, कुठल्या टोळीने मुक्काम हलवला. लोकांना तेच वाचायला आवडतं, आणि आपल्यावर आकड्याचं दडपण राहत नाही.

आता हिशेबनीस म्हणून थोडं. पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या. देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल, म्हणजे ८०जीबद्दल, लोक विचारणारच. संस्थेला ती मान्यता आहे का ते आधी बघा, आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगा: रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली की त्यावर सवलत मिळत नाही, आणि ज्याने नवी कररचना घेतली आहे त्याला ती मिळतच नाही. पावतीसाठी पॅन लागतो, तो पैसे घेतानाच मागा. मार्चमध्ये मागायला गेलात की लोक फोन उचलत नाहीत. शर्यतीच्या नोंदणीत गट बदलता येतो का, नाव पुढच्या वर्षी ढकलता येतं का, हेही आयोजकांच्या नियमात पाय दुखायला लागल्या दिवशीच वाचून ठेवा. अशा गोष्टींना मुदत असते आणि ती आपल्या टाचेसाठी थांबत नाही.

जिन्याची पायरी

नुसत्या विश्रांतीने ही शीर बरी होत नाही. पंधरा दिवस घरी बसलं की दुखणं ओसरतं, पण शीर तेवढीच अशक्त राहते. मग पहिल्या धावेला पुन्हा पहिले पाढे. तिला वजन पेलायला शिकवावं लागतं. त्याची सर्वांत गाजलेली पद्धत स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या सर्जनची. सांगतात ते असं, की स्वतःची अकिलीस दुखत असताना त्याच्या वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. मग शीर तुटली तर तरी करावी लागेल म्हणून तो पठ्ठ्या मुद्दाम दुखेल असा व्यायाम करत सुटला, आणि बरा झाला. १९९८ मध्ये त्याने पंधरा हौशी खेळाडूंवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

कृती अशी. जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे टेकून उभं राहायचं, हात कठड्यावर. दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या. मग चांगला पाय काढून घ्यायचा आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश, मनात तीन म्हणेपर्यंत, पायरीच्या खाली उतरवायची. पुन्हा वर जाताना दोन्ही पाय. असं पंधरा वेळा, तीन खेपा, गुडघा सरळ ठेवून. मग तेवढंच गुडघा थोडा वाकवून, कारण पोटरीचा आतला स्नायू तेव्हा जास्त राबतो आणि लांब पल्ल्यात खरं ओझं तोच वाहतो. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखणं हाडापाशी असेल तर पायरी नको. सपाट फरशीवर करा, टाच जमिनीच्या खाली जाऊ देऊ नका.

सोपं वाटायला लागलं की पाठीवर वजन घ्या. मी मुलाच्या जुन्या दप्तरात हळदीची किलोकिलोची पाकिटं भरत गेले. पाचच्या पुढे गेल्यावर शेजारच्या काकूंनी ‘दुकान टाकलंस का गं?’ म्हणून विचारलं. ज्यांना रोज दोनदा जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे: जास्त वजन, अगदी संथ लय, आठवड्यातून तीनच दिवस. अभ्यासात दोन्हींचा गुण सारखाच आढळला आहे. मला पुढे हीच सोयीची पडली, कारण सौद्याच्या दिवसांत घरी परतायला रात्र होते.

करताना थोडं दुखणार, त्याला घाबरू नका. माझ्या फिजिओनं दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवायला सांगितलं होतं. काही जण पाचपर्यंतही सूट देतात. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते.

सकाळी फरशीवरचं पहिलं पाऊल

उठल्यावर चप्पल न घालता शहाबादी फरशीवर टाकलेली पहिली काही पावलं हे या दुखण्याचं सर्वांत प्रामाणिक मापक आहे. शीर धावताना गरम झालेली असते, तेव्हा ती काही बोलत नाही. उलट पहिले दोन किलोमीटर गेले की दुखणं नाहीसं होतं आणि आपल्याला वाटतं, झालं बरं. जे काय बिघडलं ते दुसऱ्या सकाळी कळतं. म्हणून रोज सकाळी दोन आकडे लिहायचे: दुखणं दहापैकी किती, आणि आखडलेपण मोकळं व्हायला किती मिनिटं लागली.

मी हे खतावणीसारखं ठेवलं. डावीकडे काल पायावर काय खर्च टाकला, उजवीकडे आज सकाळी काय शिल्लक. सकाळचा आकडा नेहमीइतकाच असेल तर कालची धाव पचली. वाढला आणि दिवसभरात खाली आला, तर पुढची धाव तेवढीच ठेवायची, वाढवायची नाही. दुसऱ्या दिवशीही चढलेलाच राहिला तर सरावात दोन टप्पे मागे. अशा दिवशी पुस्तकातलं किंवा अ‍ॅपमधलं वेळापत्रक काय म्हणतं ते बघायचंच नाही.

चपलांचाही यात वाटा आहे. टाच जितकी खाली, तितकी शीर ताणली जाते. म्हणून या काळात कोल्हापुरी चप्पल कपाटात, आणि घरातही थोडी टाच असलेली स्लीपर. धावायचे बूट घेताना टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक आठ-दहा मिलिमीटर तरी असू द्या. अगदी सपाट तळव्याचे बूट या दुखण्यात नकोत. आमच्याकडे प्रश्न आला तो नवरात्राचा. सासूबाईंचे नऊ दिवस अनवाणी असतात आणि घरातल्या सुनेनंही तसंच करावं अशी रीत. मी म्हटलं, आई, यंदा उपास सगळे करते, पायात मात्र घालते. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच स्लीपर उंबऱ्यापाशी आणून ठेवली.

पुन्हा धावायला कसं लागायचं

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी जमायला हव्यात. पाऊण तास भराभर चालून दुसऱ्या सकाळी आकडा न वाढणं. दुखऱ्या एका पायावर, सपाट जमिनीवर, वीसेक वेळा टाच पूर्ण उचलता येणं. आणि जागच्या जागी हलक्या उड्या मारून कळ न येणं. हे जमेपर्यंत धावायचं नाही.

मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीला दोन धावांमध्ये दोन दिवस मोकळे, पुढे एक. लागोपाठ दोन दिवस मात्र शर्यतीपर्यंत कधीच नाही. जोराचं ओझं पडल्यावर शिरेत आधी झीज होते आणि मग भर पडते, त्याला दीड-दोन दिवस लागतात. रोज पळणारा माणूस झिजेवर झीज चढवतो. दर आठवड्याला धावेचं मिनिट वाढवा, चालीचं कमी करा: दोनास दोन, तीनास एक, चारास एक. आधी एकूण वेळ वाढू द्या, वेग नंतर. चढ सर्वांत शेवटी. चढावर टाच खाली राहते आणि शीर ताणलेल्या अवस्थेत सगळं ओझं उचलते. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून उतरायची हिल हाफ मॅरेथॉन कितीही खुणावत असली तरी हे दुखणं असलेल्यानं त्या वर्षी ती टीव्हीवर बघावी.

या बाबतीत सांगलीचं नशीब चांगलं, गाव सपाट आहे. पहिले काही आठवडे मी आमराई बागेतच फिरत होते. रस्ता कधी संपला आणि घरी कसं जायचं हा प्रश्न तिथे नसतो, दुखलं की फाटक जवळ. स्टेडियमवर जात असाल तर मधूनमधून उलट दिशेनं फिरा, नाहीतर वळणावर एकाच पायाला त्रास होतो. लांब धावेला हरिपूर रस्ता चांगला: झाडं आहेत, पहाटे थंड असतो, आणि शेवटी संगमेश्वराच्या देवळापाशी कृष्णा-वारणेच्या संगमावर पाणी प्यायला थांबता येतं. डांबराच्या कडेला उतार असतो, त्यावर तास-तासभर एकाच बाजूने पळू नका.

नोव्हेंबरपासून गळीत हंगाम लागतो, आणि पहाटे पाचला कारखान्याच्या वाटेवर ऊस भरलेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्यात झाकलेला. कडेला बैलगाड्या. चमकणारं जाकीट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा, आणि कानात गाणी नकोत. त्या ट्रॉल्या भरणारी माणसं आपण उठायच्या कितीतरी आधी फडात उतरलेली असतात. त्यांचीच पोरं पुढे वर्गात भेटणार असतात, त्यामुळे हॉर्न मारणाऱ्या ड्रायव्हरवर चिडायचं मी सोडून दिलं.

धावेचे दिवस कमी झाले म्हणून दम कमी व्हायला नको. सायकल चालवा. पायडलवर चवड्याऐवजी पायाचा मधला भाग ठेवला की शिरेवर ताण कमी येतो. सुट्टीच्या दिवशी चाळीस मिनिटं सायकल आणि लगेच वीस मिनिटं धाव-चाल, हा माझा आवडता जोड. थकलेल्या पायांनी पळायची सवय होते, पण टाचेला वीसच मिनिटांचा मार बसतो. पोहणंही उत्तम, फक्त तलावात. लहानपणी कृष्णेत पोहलेली मंडळी ‘घाटावर या की’ म्हणतात, पण नदीत मगरी आहेत आणि त्यांना आपली दुखापत माहीत नसते. दोरीवरच्या उड्या या काळात पूर्ण बंद.

डिसेंबरअखेर पंधरा-सोळा किलोमीटर धाव-चालीने झाले की पुरे. सरावातच एकवीस करून बघायची गरज नाही, उरलेलं अंतर शर्यतीची हवा काढून देते.

जायचं की नाही

मुंबईची शर्यत साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीच्या आसपासच. निर्णय आदल्या रविवारी घ्या, तिळगूळ वाटून झाल्यावर सगळ्यांच्या ‘मग, कधी निघणार?’ला उत्तर देता देता नको. मी तीन प्रश्न ठेवले होते. गेल्या दोन आठवड्यांत सकाळचा आकडा तीनच्या वर गेला का? चौदा-पंधरा किलोमीटरची एक तरी धाव दुसऱ्या सकाळी पचली का? दुखऱ्या पायावर वीस वेळा टाच उचलता येते का? तीनपैकी दोन उत्तरं मनासारखी नसतील तर सुरुवातीच्या रेषेवर जायचं नाही. देणगीदारांना आधीच कळवलेलं असल्यामुळे हे सांगायला एक ओळ पुरते.

जाणार असाल तर मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभरात मुंबई गाठता येते, पण शर्यतीच्या आदल्या रात्रीचा प्रवास नको. एक दिवस आधी पोचा. बर्थवर आखडलेली पोटरी मोकळी व्हायला तो दिवस लागतो.

सकाळी दुखू नये म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन धावू नका. घाम गाळत तासन्‌तास पळताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. शिवाय ज्या कळेवरून थांबायचं कळणार, तीच त्या दाबून टाकतात. चारास एकचा हिशेब पहिल्या किलोमीटरपासून पाळा. सुरुवातीला सगळे पुढे निघून जातात, जाऊ द्या. पेडर रोडचा चढ चालत गेलात तर कुणी हसत नाही. मी सबंध चढ चालत गेले आणि माझ्या बाजूला बरीच धडधाकट माणसंही चालत होती. कळ तीनवरून पाचवर गेली आणि चालूनही उतरली नाही, तर वाटेतल्या वैद्यकीय मदतीपाशी थांबा.

नंतरचे दहा-बारा दिवस धावायचं नाही. चालणं दुसऱ्या दिवशीच सुरू करा, जिन्यावरचा व्यायाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आधी बिनवजनाचा. तो पुढेही वर्षभर आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, कारण हे दुखणं परत येतं. आणि त्याच आठवड्यात देणगीदारांना एका पानाचा हिशेब पाठवा: किती जमले, संस्थेनं कशावर किती खर्च केले, किती शिल्लक, पावत्या कधी मिळतील. हंगाम संपून टोळ्या गावी परतायच्या आत तो गेला, तर पुढच्या वर्षी पैसे मागायला तोंड राहतं.